सरांचा कोंबडा

कोंबडा घरात आला सोमवारी, आणि त्याच दिवसापासून कमळीने नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकर पुढ्यात यायची, कोरा चहा यायचा, ओले कपडे चुलीवरच्या दोरीला वाळत पडायचे, पण शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर ती बैलाला सांगायची. "ढवळ्या, वरच्या खाचराचं पाणी फोडायचं राह्यलंय," असं बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, आणि लाहू निमूट फावडं उचलून पाणी फोडायला जायचा. चार दिवस रानशेतच्या त्या पाड्यावर नवरा-बायकोचा संसार बैलाच्या मध्यस्थीने चालला होता. बैल बिचारा दोन्हीकडून मान हलवायचा.

चूक लाहूची होती, आणि ती त्यालाही कबूल होती. लाहू कामाला वाघ, पण समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्या सोमवारी भर पावसात तुक्या दारात उभा राहिला. तुक्या पाड्यातलाच. तलासरीच्या अंगाला मुलींचं एक खासगी वसतिगृह होतं, तिथे पाणी भरायचा, झाडलोट करायचा. डोक्यावर खताची गोणी, काखेत लालभडक तुऱ्याचा कोंबडा, आणि नाकावरून ओघळणारं पाणी.

"सरांनी पाठवलाय," तुक्या म्हणाला. "भाताच्या आवणीचे दिवस हायेत. पोरांच्या तोंडी लागंल."

लाहूला म्हणायचं होतं, घेऊन जा तुझा कोंबडा. पण माणूस पावसात भिजत होता, कोंबडा भिजत होता, आणि दोघंही लाहूकडे सारख्याच केविलवाण्या डोळ्यांनी बघत होते. लाहूने हात पुढे केले. तुक्याने कोंबडा त्या हातांत ठेवला आणि मग हळूच म्हणाला, "रविवारी पंच बसतील. तुझ्याकडंच जेवतील."

तेव्हा कुठे लाहूच्या डोक्यात उजेड पडला, पण तुक्या तोवर बांधापार झाला होता.

पाड्याची रीतच तशी होती. कुणी कुणाला मारलं, कुणी कुणाची बकरी कोंडली, तर चुकलेल्याने समोरच्याच्या घरी कोंबडा पाठवायचा. घेतला म्हणजे बोलणी मान्य. पंचांनी दोन्हीकडच्यांना बसवून तो शिजवून खाल्ला म्हणजे भांडण मिटलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, कुणी विचारलं तरी नाही. बांधाच्या आणि बकरीच्या भांडणांना ही रीत झकास होती. भांडण तर मिटायचंच, वर रस्सा मिळायचा. पण या खेपेला मोडला होता तो जानीचा हात.

जानी लाहूची लेक. अकरा वर्षांची, सहावीतली. या पोरीला जन्मापासून एकच खोड, ती हसायची. बैलाला शिंक आली की हसायची, आजोबा पायरीवर बसताना 'आय गं' म्हणाले की हसायची, आणि एकदा सुरू झाली की थांबायचंच नाव नाही. पोट धरून खाली बसायची, तरी हसायची. खालच्या पाड्यावरचे लोक वर न बघता सांगायचे, लाहूची पोर सुट्टीला आली वाटतं.

या पावसाळ्यात ती सुट्टी लागायच्या आधीच आली. डावा हात कोपरापर्यंत सुजलेला. तुक्याच सोडायला आला होता. "पायरीवरून घसरली," तो म्हणाला, आणि जानीही तेच म्हणाली. कमळीने तिला जीपमधून डहाणूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरणीने मनगटाचा फोटो काढला, मग पाठीवरचा झगा वर करून बघितलं, आणि कमळीकडे बघत म्हणाली, "पायरी इतक्या सरळ रेषा मारत नाही, ताई. हे मला पोलिसांना कळवावंच लागतं. तुम्ही नको म्हणालात तरी."

प्लास्टर सुकत होतं तेव्हा जानीने आईच्या कानात तीन शब्द सांगितले. सरांनी मारलं मला. त्यावरून गुन्हा नोंदला गेला. वसतिगृहाचे अधीक्षक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते पायरीचीच गोष्ट सांगत होते. पाड्यातल्या आणखी तीन पोरी तिथे राहत होत्या. आवणीच्या सुट्टीला त्या घरी आल्या आणि मुक्या झाल्या. त्यांचे बाप म्हणाले, पंच काय म्हणतात ते बघू. आणि जानी त्या तीन शब्दांनंतर काही बोलेना. का मारलं, कशाने मारलं, कुठे मारलं, काही नाही. हसणं तर तिने दवाखान्यातच कुठेतरी ठेवलं होतं.

बालसंरक्षण कक्षाची शितल नावाची बाई दवाखान्यात येऊन गेली होती. गोरीगोमटी, हातात छत्री, बोलणं मऊ. तिने कमळीला सांगितलं होतं, "जानीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. घाई नाही. पोलीस मॅडम तुमच्याकडेच येतील." आता रविवारी पंचांनी कोंबडा खाल्ला असता, तर त्या तिघी पोरींची तोंडं कायमची मिटली असती. आणि जानीला कळलं असतं की आपल्या हाताची किंमत एक कोंबडा. कमळी बैलाशी बोलत होती ती या रागाने.

एक गोष्ट मात्र नवरा-बायकोने न बोलता मिळून केली होती. लाहूच्या बापाला, सुक्याला, त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सुक्या सत्तरीचा, पण सत्तरीतही कोयता कमरेला. नातीला कुणी मारलं हे कळलं असतं तर म्हातारा पायी तलासरीला निघाला असता. म्हणून त्याच्यापुरती पायरीच खरी होती, आणि टोपलीखालचा कोंबडा नीलमच्या पाहुण्यांसाठी आणलेला होता.

नीलम ही लाहूची धाकटी बहीण. घोलवडला चिकूच्या वाडीत पेट्या भरायच्या कामाला जायची. तिला तलासरीकडचं एक घर मागणी घालायला येणार होतं. कधी येणार ते त्यांनी कळवलं नव्हतं, पण सुक्या रोज सकाळी धुतलेला सदरा घालून पडवीत बसायचा.

शुक्रवारी सकाळी पाऊस जरा दमला. लाहू खालच्या खाचरात चिखल करत होता. बैलांमागे फळीवर उभं राहायचं आणि गुडघाभर चिखल पाटासारखा सपाट करायचा. कमळी वरच्या राबात रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधत होती. शेजारची बुधीबाई तिच्या मदतीला आली होती, कारण काल कमळी तिच्याकडे गेली होती. जानी बांधावर बसली होती. प्लास्टरवर पिशवी बांधलेली, आणि उजव्या हाताने ती चिखलात काडीने रेघा मारत होती.

तेवढ्यात पायवाटेने एक स्कूटी डुगडुगत आली आणि चिखलात रुतून बंद पडली. तिच्यावरून दोन बाया उतरल्या. एकीने रेनकोट काढला. आत साधा पिवळा पंजाबी ड्रेस, केसांना क्लिप, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल. दुसरी छत्रीवाली शितल. सुक्याने शितलला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने बघितल्या दोन बाया, तलासरीच्या रस्त्याने आलेल्या, कपडे नीटनेटके, आणि तो ताडकन उठला.

"या या या," तो म्हणाला. "आवणीत याल असं वाटलं नव्हतं. पन आलास ते बेस केलं."

पिवळ्या ड्रेसवालीने नमस्कार केला. "मी हर्षदा. कळवलं होतं आम्ही."

"कळवलं, कळवलं. बसा." त्याने घोंगडी अंथरली आणि मुद्द्यालाच हात घातला. "पोरगा काय करतो?"

हर्षदाला वाटलं, म्हातारा माणूस आपुलकीने विचारतोय. "बालवाडीत आहे," ती कौतुकाने म्हणाली.

"बालवाडीत शिकवतो?"

"नाही हो. शिकतो."

सुक्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याने ठरवलं की शिकलेल्या लोकांची चेष्टा असते, आणि मोठ्यांदा हसला. शितलही हसली. म्हातारा खूश झाला, आणि खूश झाला म्हणजे तो काय करायचा हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. त्याने कमरेचा कोयता काढला आणि टोपलीकडे निघाला. "आज तुमी जेवल्याबिगर जायचं नाय!"

खाचरातून लाहूने हे पाहिलं. शितलला त्याने ओळखलं. शितलबरोबर आलेली कोण तेही त्याच्या लक्षात आलं, आणि बाप कोयता घेऊन कुणाच्या मानेकडे चाललाय हेही. आता बोलायलाच हवं होतं. आणि चार दिवस बैलामार्फत संसार केलेल्या या माणसाच्या तोंडून आयुष्यातली पहिली आरोळी निघाली.

"बा! नाय! नाय! नाय! तो नाय कापायचा!"

म्हातारा दचकला. टोपली त्याच्या हातून उलटली. कोंबड्याने चार दिवसांचा कोंडमारा एका झेपेत बाहेर काढला आणि तो पडवीवरून अंगणात, अंगणातून बांधावर, बांधावरून सरळ खाचरात आला. सुक्या त्याच्यामागे. "पळाला! धरा! पाव्हण्यांचा हाय!" तो ओरडत होता, आणि दोन पावलांत चिखलाने त्याला मांडीपर्यंत गिळलं. लाहू फळीवरून उडी टाकून कोंबड्याकडे झेपावला. कोंबडा डावीकडे, लाहू उजवीकडे. मालकाचं हे रूप पाहून बैल फळी ओढत निघून गेले. राबातून कमळी आणि बुधीबाई लुगडी आवळत धावत आल्या. "अरं, त्या कोपऱ्यातून घाल! त्या कोपऱ्यातून!" बुधीबाई बांधावरून हुकूम सोडत होती आणि आत मात्र उतरत नव्हती.

शेवटी लाहूने सगळ्या अंगानिशी झेप घेतली. कोंबडा उडाला, लाहू पालथा चिखलात. धडपडत तो उठून बसला, तर डोळे, कान, मिशा, सगळं चिखलाने लिंपलेलं. आणि कोंबड्याला साऱ्या खाचरात पाय टेकायला कोरडी जागा दिसेना. तो गिरकी घेऊन आला आणि लाहूच्या डोक्यावर बसला. पंख नीट मिटले. मान वर केली. आणि आरवला.

लाहू हलला नाही. हलला असता तर कोंबडा पुन्हा उडाला असता.

तेव्हा बांधावरून आवाज आला. आधी एक हुंदक्यासारखा, मग खळाळून. जानी हसत होती. पोट धरून, प्लास्टरचा हात वर धरून, मागे कलंडून हसत होती. दोन आठवडे अडलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. लाहूला चिखलातून काही दिसत नव्हतं, पण कान उघडे होते. आयुष्यभर डोक्यावर कोंबडा घेऊन बसायची त्याची तयारी झाली.

पण हसणं मध्येच तुटलं. जानीने उजवा हात तोंडावर दाबून धरला होता. तिने त्या दोन परक्या बायांकडे बघितलं आणि खांदे आत ओढून घेतले. आता मार बसणार, अशी ती बसली होती.

कमळीने ते पाहिलं आणि ती जागीच थांबली.

हर्षदानेही पाहिलं. चपला काढून ती बांधावर आली, जानीपासून चार हातांवर ओल्या गवतात बसली, आणि चिखलातल्या लाहूकडे बघून स्वतःच हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, खो खो. हसताना तिच्या नाकातून घुर्र असा आवाज यायचा. जानीने बोटांच्या फटीतून बघितलं. हात हळूहळू खाली आला.

"असाच बसलेला," जानी म्हणाली.

हर्षदाचं हसू विरलं नाही. "कोण गं?"

"बेडूक."

लाहूने डोक्यावरचा कोंबडा पाय पकडून हळूच खाली घेतला.

"जानी," हर्षदा म्हणाली, "मी पोलीस आहे. खाकी ड्रेस घालून आले नाही, कारण पोराकडे जाताना तो घालायचा नाही असा नियमच आहे. तुला सांगावंसं वाटलं तर मी ऐकायला आले. तू म्हणशील तिथे बसू, म्हणशील ते तुझ्याजवळ बसतील. मी मधे पढवायचं नाही, तू बोलशील तसंच लिहायचं. आणि आज नको वाटलं, तर मी परत येईन."

पोलीस म्हटल्यावर सुक्या चिखलातच खाली बसला. पण आता त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

जानीने विचार केला. मग बांधाच्या टोकाचं मोहाचं झाड दाखवलं. "तठं."

"बरं. जवळ कोण बसू दे? आई?"

कमळी पदराला हात पुसत पुढे आलीच होती. जानीने मान हलवली. "आयस रडते. बा बसंल."

लाहूला वाटलं, कानात चिखल गेलाय म्हणून भलतंच ऐकू आलं. चार दिवस या घरात बैलाचा मान त्याच्यापेक्षा मोठा होता. त्याने भीतभीत कमळीकडे बघितलं. पुढे होऊन तिने त्याच्या हातातला कोंबडा घेतला आणि पदराच्या कोरड्या टोकाने त्याच्या डोळ्यांवरचा चिखल पुसला.

मोहाखाली तिघं बसली. शितल थोडी अलीकडे छत्री धरून उभी राहिली, म्हणजे कागदावर थेंब पडू नयेत. बाकी सगळ्यांना तिने अंगणात धाडलं. जानी चिखलात रेघा मारत बोलायला लागली. आधी तुटक, मग धबधबा.

"सांजेला प्रार्थना होती. सर डोळे मिटून म्हणत होते. खिडकीतून बेडूक आला. पिवळा, आवणीतला. तो सरांच्या टकलावर बसला. सरांना नाय कळलं. सर म्हणायचे तशी त्याची पन मान फुगायची. तो पन म्हणत होता प्रार्थना. सगळ्यांनी बघितला. प्रगतीने पन बघितला. सगळ्या गप बसल्या. मला नाय राहवलं."

"मग?" हर्षदा एवढंच म्हणायची. लिहायची आणि म्हणायची, "मग?"

मग जे झालं तेही जानीने सांगितलं. न्हाणीच्या बोळात नेलं. हिरवी नळी होती, झाडांना पाणी घालायची. हसशील का, हसशील का, असं दर फटक्याला विचारत होते. तिने हात वर केला तर तो हातावर बसला, आणि आत कट्ट असा आवाज आला. मग म्हणाले, पायरीवरून पडलीस म्हणून सांग, नाही तर तुझ्या बापाला आत टाकीन.

लाहू शेजारी बसला होता. त्याला बजावून ठेवलं होतं, मधे बोलायचं नाही. चिखलाने भरलेला हात त्याने लेकीच्या पावलावर ठेवला होता, तो तसाच ठेवला. बा रडत नाही म्हणून निवडलेल्या या माणसाच्या तोंडावरच्या चिखलात दोन स्वच्छ ओघळ उतरले होते. जानी कागदाकडे बघत होती, म्हणून निभावलं.

लिहून झाल्यावर हर्षदाने सगळं वाचून दाखवलं. जानीने कान देऊन ऐकलं आणि एका जागी अडवलं. "मी पाइप नाय बोलली. हिरवी नळी बोलली."

"चुकलंच माझं," हर्षदा म्हणाली. पाइप खोडून तिने हिरवी नळी लिहिलं आणि बाजूला सही केली. "अजून काय लिहायचं राहिलं?"

जानीने चिखलात काडी फिरवली. "मला शाळंत जायचंय. दुसऱ्या. आन तठं हसलं तर चालंल का, ते विचारा. लिहा."

हर्षदाने तेही लिहिलं. जानीने उजव्या हाताने, प्लास्टरचा हात कागदावर दाबून धरून, वळणदार अक्षरात नाव काढलं.

अंगणात परत आले तर तिथे निम्मा पाडा जमलेला. लाहूची आरोळी म्हणजे काही रोज ऐकायची वस्तू नव्हती. पंचांतला वडीलधारा लहान्या आला होता. तुक्या कुंपणाला टेकून उभा होता. सुक्याला एव्हाना कमळीने सगळं सांगून टाकलं होतं, कारण कोयता बुधीबाईच्या मांडीखाली होता आणि म्हातारा तो मागत होता.

"बाबा," हर्षदा म्हणाली, "तुम्ही कोयता उचलला तर मला तुमचाही पंचनामा करावा लागेल. आज कागद कमी आणलेत. एवढं काम मला करू द्या."

"तो सुटंल," सुक्या म्हणाला. "मोठी मानसं सुटतात."

"सुटेल की नाही ते कोर्ट ठरवेल, मी खोटं सांगणार नाही. पण दवाखान्याचा कागद आहे, आणि आता पोरीचं सांगणं आहे. हेच तिने एकदा डहाणूला मॅजिस्ट्रेट मॅडमपुढे सांगायचं, शितलताई बरोबर असतील. सर तिच्या नजरेलाही पडणार नाहीत."

कुंपणाजवळून तुक्या खाकरला. "पन मॅडम, ते मिटलंय. लाहूने कोंबडा घेतलाय. रविवारी पंच खातील."

लाहूचं तोंड चिखलाखाली उतरलं. हर्षदाने कमळीच्या काखेतल्या कोंबड्याकडे बघितलं. ती स्वतः तलासरीकडचीच. अशा कोंबड्यांचा रस्सा तिने लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ओरपलेला होता.

"हा सरांनी पाठवला?" तिने तुक्याला विचारलं. "तुमच्याच हाती?"

तुक्या मान हलवून बसला आणि मग त्याला वाटलं, हलवायला नको होती.

"बरं झालं सांगितलंत. तुमचाही जबाब घेऊ. आणि हे बघा, पोराच्या अशा माराचा खटला चालवतं सरकार. बापाने कोंबडा घेतला काय नि रेडा घेतला काय, तो पाड्यावर मिटत नाही. उलट साक्षीदाराच्या घरी हा कशाला आला, ते आता सरांना विचारावं लागेल. म्हणजे हा पुरावा झाला. जप्त करते मी याला."

"कोंबडा?" लहान्याने विचारलं.

"कोंबडा. दोन पंच लागतील. तुम्ही पाड्याचे पंच आहातच. आणि बुधीबाई, तुम्ही या."

बुधीबाई कोयत्यावरून उठायला तयार नव्हती, म्हणून पंचनामा तिच्यासमोरच मांडला. जप्तीचं हल्ली चित्रीकरण करावं लागतं, म्हणून शितलने फोन धरला. नर, रंग लाल, तुरा मोठा, शेपटीचं एक पीस तुटलेलं, सर्वांगास चिखल. कोंबडा फोनकडे मान वाकडी करून बघत राहिला. त्याने पुन्हा आरवायचं मनावर घेतलं, तेही चित्रात आलं. लहान्याने सही केली, बुधीबाईने अंगठा. मग दुसरा कागद, सुपूर्दनामा. वस्तू सांभाळायला कमळीच्या ताब्यात, मागतील तेव्हा जिवंत हजर करायची.

"म्हंजे खायचा नाय?" लहान्या म्हणाला.

"पुढचा हुकूम होईपर्यंत याच्या पिसाला हात लावायचा नाही. तुम्हीच सही केलीत."

लहान्याने स्वतःच्या सहीकडे बघितलं. जे शिजत नाही ते खाता येत नाही, आणि खाल्लं नाही तर मिटत नाही, एवढी रीत त्याला पाठ होती. त्याच रितीने त्याला पंचाच्या पाटावरून उठवून भलत्याच पाटावर बसवलं होतं. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मग त्याने जानीच्या प्लास्टरकडे बघितलं, आणि हळूच बोलला.

"मॅडम, माझी प्रगती पन तठंच होती. घरी आली त्या राती ती झोपेत ओरडली. आमी तिला गप केली." त्याने टोपी पुन्हा घातली. "तिचं पन लिहून घ्या. चला घरी. चहा घ्या."

त्याच्यामागे बाकी दोघींचे बापही निघाले. सुक्या मात्र अजून हर्षदाकडे संशयाने बघत होता. "म्हंजे नीलमला मागायला नाय आलास तुमी?"

"नाही हो बाबा. माझा पोरगा बालवाडीत आहे."

आता ते सगळ्यांना कळलं. आधी जानी हसली. मग कमळी, मग बुधीबाई, मग पडवीच्या खांबाला धरून म्हाताराही. खालच्या पाड्यावरून कुणीतरी हाळी देऊन विचारलं, लाहूची पोर आली का रे?

पाऊस पुन्हा धरला. चार खाचरं अजून लावायची होती आणि बैल फळीसकट कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं. लाहू त्यांना शोधायला निघाला. कुणी बोलणार नाही अशी त्याला सवय झाली होती, म्हणून तो मागे न बघताच चालला होता.

"अवो," मागून आवाज आला.

लाहू थांबला. आजूबाजूला बैल नव्हता. कमळी पडवीत उभी होती, एका काखेत सरकारी कोंबडा, दुसऱ्या हाताने जानीला धरून.

"आधी तोंड धुवा," ती म्हणाली. "मंग चहा घ्या. बैल येतील."